शेकायची पिशवी आणि खाकी कपडे

२७ जुलै, रविवार

उशीर झाला, माफी असावी. ही वही ईराने मागच्या दिवाळीत दिली. म्हणाली, "आजोबा, रोज लिहा. काळजी कागदावर जाईल, आमच्या डोक्यावर येणार नाही." नातीचा शब्द, पण पहिलं पान खराब होईल म्हणून वही तशीच कपाटात ठेवली. आज सौ. म्हणाली, "अहो, लिहिता का मी त्यात लोणच्यांची प्रमाणं उतरवू?" म्हणून बसलो.

शिक्षण आठवी. कारखान्यात फिटर होतो. चुका असतील.

रोज एक नोंद करायची ठरवली आहे. छा. ध., म्हणजे छातीत धडधड. आज दोनदा. एकदा गॅस बंद केला का ते आठवेना तेव्हा. एकदा उगाच.

३ ऑगस्ट, रविवार

छा. ध. पाच वेळा. कारण लिहितो.

मराठी मंडळात गणपतीतल्या वादविवाद स्पर्धेच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या. आमची रीत अशी की हजर असतील त्यांत जो वयाने सर्वांत मोठा, त्याने गणपतीच्या फोटोसमोर चिठ्ठ्या उचलायच्या. इतकी वर्षं देशपांडे मास्तर उचलायचे. ते मुलाकडे पुण्याला गेले. यंदा त्र्याहत्तर वर्षांचा मीच निघालो. मान वाटला. नवा सदरा घातला होता.

सेक्रेटरी कारखानीस यांनी विषय वाचला. "दारू पिण्याचे कायदेशीर वय कमी करावे काय?"

मग मागून कुणीतरी, "अहो, बडोद्यात दारूलाच बंदी, वय कुठलं कमी करता?" कारखानीस म्हणाले, "विषय नाशिकहून आलाय. अंतिम फेरी तिकडे आहे. त्यांना वाटलं, मराठी मंडळ म्हणजे महाराष्ट्रातलंच."

मी एका वाटीतून नाव उचललं, दुसऱ्या वाटीतून बाजू. चष्मा घरी राहिलेला. कारखानीसांनी वाचलं. "ईरा मिलिंद. बाजूने."

माझी नात. वय एकोणीस. गणपतीसमोर उभी राहून सांगणार की दारूचं वय कमी करा. आणि चिठ्ठी माझ्या हाताने.

५ ऑगस्ट, मंगळवार

कारखानीसांच्या घरी गेलो, फतेगंजला. सोबत लीलो चिवडा, आपला बटाट्याचा ओला, नेला. म्हटलं, बाजू बदलून द्या, पोरीचं लग्नाचं वय जवळ आलंय, लोक काय म्हणतील.

"दामूअण्णा, चिठ्ठी तुम्ही काढलीत. देवासमोर. मी बदलणारा कोण?"

"मग विषय तरी."

"विषयाला काय झालंय? तुम्ही कुठे पिता?"

छा. ध. तिथेच. उठलो. दारातून ते म्हणाले, "चिवडा ठेवून जा हं."

ठेवला.

६ ऑगस्ट

सून हेतल गुजराती, आणंदची. तिला आज कळलं. "पप्पा, आमच्या घरी माझा भाई कांदासुद्धा गच्चीवर जाऊन खायचा. आता मारी छोकरी दारूवर भाषण करणार? माझ्या बाला, आईला, काय सांगू?" मुलगा मिलिंद पेपरमागे हसत होता. त्याला कशाचं काही वाटत नाही. आईवर गेलाय.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

लेक मेधाने न्यूझीलंडहून व्हिडिओ लावला. भावाची राखी फोनवर. मग माझ्याकडे वळली. "बाबा, घर झालं. नोव्हेंबरात वास्तुशांत आहे. तुम्ही आणि आई येताय. या वेळी नाही ऐकणार नाही."

मी म्हणालो, विमानात माझे कान दुखतात. ती म्हणाली, "तुम्ही विमानात बसलातच कधी?"

सौ. आत गेली आणि डबे पुसायला लागली. स्वच्छ डबे. मेधाच्या मुलासाठी तिने दुपटी शिवली होती, तीन. घेऊन जाऊ म्हणून. मुलगा आता सहा वर्षांचा. दुपटी ट्रंकेत. मी येत नाही म्हणून तीही एकटी जात नाही.

कान दुखत नाहीत. गुडघेही ठीक आहेत. गोष्ट पासपोर्टची आहे. पासपोर्टला घरी पोलीस येतो, चौकशी करतो, जुन्या वह्या बघतो. आणि पोलिसांच्या वहीत माझं नाव आहे. चौपन्न वर्षं झाली. सौ.ला माहीत नाही.

१० ऑगस्ट

काल एवढं लिहिलं तर आज पुरं लिहितो. वही कुलपात ठेवीन.

वय एकोणीस. मी आणि यशवंत कारखान्यात नवे, एका खोलीत राहत होतो. एका दुपारी सुट्टी होती. यशवंतने कुठूनशी देशी आणली, शेकायच्या रबरी पिशवीतून. त्या वेळी अशीच यायची, कुणी अडवलं तर पाठ दुखते म्हणायचं. छाणीच्या बाजूला तेव्हा शेतं होती. कडुनिंबाखाली बसलो. मी दोन घोट घेतले. रबराची चव. तेवढ्यात समोरून खाकी कपडे.

यशवंत पळायला उठला. मला पायच नव्हते. मी त्या माणसाच्या पायांवर पडलो आणि सगळं सांगून टाकलं. नाव, वडलांचं नाव, कारखाना, खोलीचा पत्ता. त्याने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. कानाला धरून पंचवीस उठाबशा काढायला लावल्या. पिशवी जप्त केली. म्हणाला, "जा. फरी देखाशो नही." पुन्हा दिसू नका म्हणून.

त्या दिवसापासून थेंब नाही. आणि घरात शेकायची पिशवी येऊ दिली नाही. सौ.ची कंबर धरते तेव्हा ती वीट तापवून फडक्यात गुंडाळते. मी म्हणतो, रबर अंगाला बरं नसतं.

हात दुखला लिहून.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ईरा हीचक्यावर बसून तयारी करते. पाय भिंतीला लावून झोका घेते आणि बोलते. मी ऐकत नाही असं दाखवतो.

"अठराव्या वर्षी मत देता येतं. सरकार निवडता येतं. आमच्याकडे परमिट मागायचं तर म्हणे चाळीस पुरी लागतात, नाशिकला पंचविसाव्या वर्षी चालतं. मग तोच माणूस वापीची हद्द ओलांडून पुढे गेला की पंधरा वर्षं आधी शहाणा होतो का?"

मला हसू आलं. तिने बघितलं. "आजोबा, हसलात! मुद्दा चांगला आहे ना?"

म्हटलं, चांगला आहे म्हणूनच भीती वाटते.

१४ ऑगस्ट

आज तिने सरळ विचारलं. "आजोबा, तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा कुणी प्यायचं का? तुम्ही कधी?"

मी म्हणालो, दुधाची पिशवी आणायची राहिली. गेलो. दूध सकाळीच आलं होतं. आता घरात दोन लिटर जास्त आहे. हेतलने बासुंदी केली. सगळे खूष. मला गोड लागली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

काय लिहू, कुठून लिहू.

यशवंतकडे गेलो, छाणीला. आता तिथे शेत नाही, सोसायट्या आहेत, यशवंतचं घर त्यातच. मला त्याची भीती होती. त्या दिवसाचा तो एकच साक्षी, आणि स्पर्धेला येणार होता. त्याला सांगायला गेलो की बाबा, तोंड बंद ठेव.

त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि माझं ऐकून घेतलं.

"दाम्या, कुठला पोलीस?"

"तो. खाकीवाला."

"अरे तो पोस्टमन होता!"

मी म्हटलं, चेष्टा नको.

"छाणीचा पोस्टमन. नवा लागला होता. खांद्याला थैली होती की त्याच्या! तुला दिसली नाही. तू त्याच्या चपला बघत होतास."

"त्याने नाव लिहून घेतलं."

"तूच घडाघडा पत्ता सांगितलास. पत्ता ऐकला की पोस्टमनचा हात आपोआप चालतो."

"आणि पिशवी?"

"ती त्याने थैलीत टाकली. चार दिवसांनी मला परत दिली, रिकामी. म्हणाला, पाठीला फार आराम पडला."

त्याची बायको दारात कप घेऊन उभी होती, तिच्या हातातल्या बश्या वाजायला लागल्या, इतकी हसत होती.

मी विचारलं, चौपन्न वर्षं का बोलला नाहीस? तो जरा गंभीर झाला. "दोनदा सांगणार होतो. पण आम्ही शनिवारी बसायचो आणि तू घरी जायचास. तुझी बायको माझ्या बायकोला सांगायची, आमचे हे वासालासुद्धा उभे राहत नाहीत. मग मी कशाला तोंड उघडू? मला तर साठीला डॉक्टरने सोडवली, तीही पोटाचे एवढे हाल झाल्यावर. एक तरी माणूस पोस्टमनने वाचवला, म्हटलं राहू दे."

"अरे पण माझा पासपोर्ट!"

"पासपोर्टचं मला काय ठाऊक? तू कान दुखतात म्हणायचास!"

येताना रिक्षात एकटाच हसत होतो. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

छा. ध. मोजायला विसरलो.

१८ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा सांगितलं. कढीभात होता. आधी तीनदा घास उचलून खाली ठेवला. मिलिंदला वाटलं, मला काही दुखतंय. उठाबशांपर्यंत आलो तेव्हा ईरा ताटावरून उठून हात न धुताच नाचायला लागली. हेतल पदराने डोळे पुसत, "पप्पा, तमे? तुम्ही?" मिलिंदला ठसका.

सौ. एकटी हसली नाही. वाढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कान दुखत नाहीत."

"नाही."

"आणि रबर अंगाला वाईट नसतं."

"नाही."

"एका पोस्टमनपायी मी इतकी वर्षं वीट तापवते आहे."

मी खाली मान घातली. मग तिला हसू फुटलं. इतकं की भाताचं भांडं खाली ठेवावं लागलं. पण हसता हसता एकदम थांबली आणि म्हणाली, "नातवाला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचा राहिला तो राहिलाच हो." मी भाताचं भांडं उचललं आणि वाढायला लागलो.

१९ ऑगस्ट

सौ. बोलत नाही. चहा देते, बोलत नाही. बरोबर आहे.

दुपारी वासणा रोडवरच्या औषधाच्या दुकानातून शेकायची पिशवी आणली. लाल. दुकानात मागताना आवाज खाली गेला. दुकानदार म्हणाला, "काका, जोरात बोला, लाजवा जेवुं शुं छे एमां?" लाजण्यासारखं काय आहे त्यात, म्हणाला. त्याला काय सांगू.

पिशवी तिच्या उशीवर ठेवली.

२० ऑगस्ट

बोलली. "पाणी फार गरम भरलंत." पण बोलली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मिलिंदने दोघांचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरले. फोटो काढायला गेलो. फोटोवाला म्हणतो, "काका, पासपोर्टला हसायचं नाही." आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच हसू नका म्हणालं. तीन वेळा काढावा लागला.

२४ ऑगस्ट

ईरा म्हणते, ही गोष्ट भाषणात सांगू का, नाव न घेता. मी म्हटलं, सांग.

रात्रीपर्यंत ती खट्टू. "आजोबा, ही माझ्या बाजूची नाहीच. तुम्ही धाकामुळे सुटलात. हे ऐकून सगळे म्हणतील, वय कमी करू नका, वाढवा."

मी तिला म्हटलं, मला काय कळतं, मी आठवी. पण दोन गोष्टी आहेत. धाकाने माझी दारू सुटली. धाकाने तुझ्या आजीचं न्यूझीलंडही सुटलं. एक धाक आत शिरला की तो फक्त दारूपाशी थांबत नाही. मला त्या वयात कुणी शेजारी बसवून सांगितलं असतं, हे असं असतं, असं होतं, तर मी कदाचित सोडली असती आणि घाबरलोही नसतो. कदाचित. यशवंत घाबरला नाही, त्याचं काय झालं तेही माहीत आहे.

तिने सगळं लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतलं ते त्या पोस्टमननंतर हिनेच.

३० ऑगस्ट, शनिवार

स्पर्धा झाली.

मंडळाचा हॉल भरलेला. पुढच्या रांगेत मी, सौ., हेतल, मिलिंद. मागे यशवंत आणि त्याची बायको. हेतलची आई आणंदहून खास आलेली, हातात जपमाळ.

ईराने वापीचा मुद्दा मांडला, लोक हसले. मग म्हणाली, "एक एकोणीस वर्षांचे गृहस्थ होते." आणि सांगितली. शेकायच्या पिशवीला हॉल हसायला लागला तो उठाबशांपर्यंत थांबेना. मग तिने पासपोर्टचं सांगितलं, दुपट्यांचं सांगितलं. सौ.ने माझा हात धरला. चारचौघांत. कधी धरत नाही.

"वय लिहून ठेवणारा कायदा हवा," ईरा म्हणाली, "पण पोरं जन्मभर घाबरून राहतील असं वय नको. अठराव्या वर्षी ज्याला विचारायचं आहे, त्याला विचारता येऊ दे."

विरुद्ध बाजूला एक मुलगा होता, चुणचुणीत. उठून म्हणाला, "ईराताईंचे आभार. एका पोस्टमनने एक अख्खं घर वाचवलं, हे त्यांनीच सिद्ध केलं. मग खरा पोलीस असता तर किती घरं वाचली असती!" टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. हेतलने माझ्याकडे रागाने बघितलं.

शेवटी कारखानीस माइकवर म्हणाले, "ते गृहस्थ कोण, हे कळलं तर बरं होईल. का कल्पनेतले आहेत?" लोक हसले. ईरा म्हणाली, "नाव सांगायची परवानगी नाही."

पोरगी खोटं बोलते असं वाटू नये म्हणून मी उभा राहिलो. सौ. सदरा ओढत होती, तरी राहिलो.

"मी," म्हटलं.

मग मागून यशवंत ओरडला, "आणि दुसरा मी!" मग जे झालं ते लिहिता येत नाही. टाळ्या, शिट्ट्या. कारखानीस खाली उतरून आले. म्हणाले, "अण्णा, म्हणून चिवडा होता होय!"

ईरा पहिली आली. नाशिकला जाणार. हेतलच्या आईने माझ्याकडे येऊन जपमाळ कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "वेवाई, पोस्टमनने सो वरस जिवाडे!" तो पोस्टमन शंभर वर्षं जगो म्हणाल्या. एवढ्या वर्षांत कुठे असेल कुणास ठाऊक. बहुतेक नसेल.

छा. ध. होती. पण निराळी.

११ सप्टेंबर

पासपोर्टच्या कचेरीत जाऊन आलो. बोटांचे ठसे घेतले. फिटरची बोटं, मशीनवर उमटेनात. सौ.चे पटकन आले. ती म्हणाली, "बघा, मी केव्हाची तयार आहे."

१८ सप्टेंबर, गुरुवार

पोलीस आला. खरा.

तरुण मुलगा. मोटरसायकल फाटकाशी लावली. खाकी बघून पाय गेले, सवयीने. सौ.ने खुर्ची दिली, त्याला नाही, मला. त्याला नंतर. पाणी, चहा, भाखरवडी.

कागद बघितले. "काका, कोई केस? कोर्टकचेरी?"

"केस नथी," मी म्हणालो. "पण एक वात छे. गोष्ट आहे एक."

सौ.ने टेबलाखालून पाय दाबला. पण इतक्या वर्षांची तयारी, तोंडातून निघालंच. पिशवी, कडुनिंब, दोन घोट, सगळं. पोस्टमनसकट.

तो ऐकत राहिला. भाखरवडी हातातच. मग इतका हसला की टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दादा, त्यारे तो मारा पप्पा पण जन्म्या नहोता!" वडीलसुद्धा जन्मले नव्हते म्हणे तेव्हा. सही घेतली. फाटकाशी जाऊन परत वळला आणि कान धरून अर्धी उठाबशी काढून दाखवली.

वात्रट आहे. पण चांगला मुलगा.

त्याने आत काय लिहिलं ते मात्र दिसलं नाही. सौ. म्हणते, चांगलंच लिहिलं असेल. मी म्हणतो, आपण आपल्या तोंडाने सांगितलं, लिहिलं असेल तर? ती म्हणते, "मग पुन्हा कान दुखू देत."

२४ सप्टेंबर

मेधाचा फोन. तारीख विचारते. म्हटलं, पासपोर्ट आले की सांगतो. सौ.ने ट्रंक उघडली. दुपटी काढली. आता म्हणते, तिन्ही जोडून एक मोठी गोधडी करीन, सहा वर्षांच्या मुलाला पुरेल. शिवायला बसली, कमरेला लाल पिशवी लावून.

२७ सप्टेंबर, शनिवार

नवरात्र चालू. हेतल घागऱ्याला आरसे शिवते आहे. ईरा यंदा गरब्याला नाही, काल मिलिंदबरोबर नाशिकला गेली. आज अंतिम फेरी.

सकाळी तिचा निरोप आला. "आजोबा, इथे बाजूच्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. माझी विरुद्ध निघाली! वय कमी करू नये म्हणून बोलायचं आहे. तुमचीच गोष्ट सांगणार. या वेळी पोस्टमनच्या बाजूने."

सौ.ला वाचून दाखवलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "मग तुमचं मत काय ते एकदा ठरवा. कमी करावं का नाही?" मी म्हटलं, ज्या दिवशी ईराचं ऐकतो त्या दिवशी वाटतं, करावं. ज्या दिवशी यशवंत पथ्याची खिचडी खाताना दिसतो त्या दिवशी वाटतं, नको. "म्हणजे नाही ठरलं," ती म्हणाली. नाहीच ठरलं.

दोन वाजल्यापासून ईराचा फोन बंद. मिलिंदही उचलत नाही. हॉलमध्ये बंद करायला लावतात, माहीत आहे. तरी.

पासपोर्टही अजून नाही. मिलिंद सांगून गेलाय, तो टपालाने घरी येतो. पोस्टमन आणून देतो, सही घेतो.

म्हणून मी जेवण झाल्यापासून ओटल्यावर खुर्ची टाकून बसलो आहे. रस्त्याच्या टोकाला खाकी कपडे दिसतात का बघतो आहे. आज छा. ध. नाही असं नाही, पण मी आत पळत नाही. उलट मान लांब करतो.

ईरा, बाळ, जिंकलीस की हरलीस, कुठल्याही बाजूने, ते लवकर कळव गं. आणि तिथल्या लोकांना पिशवी लाल नव्हती म्हणून सांग. लाल आत्ताची आहे.